पिकअपची गळती आणि मामाचं नाक

माझ्या मामाचं नाक दिसायला काही खास नव्हतं. जरासं बसकं, शेंड्यावर बहुतेक वेळा ग्रीसचा ठिपका. पण आमच्या भागात त्या नाकाला जेवढा मान होता, तेवढा मामालाही नव्हता. त्याचं गॅरेज म्हणजे वर पत्रे, खाली दोन गाड्या जेमतेम मावतील एवढी जागा, भिंतीवर खिळ्यांना टांगलेले पाने आणि गिऱ्हाइकासाठी एक खुर्ची, तीही एका पायानं लंगडी. गाडी आली की मामा लगेच बॉनेट उघडायचा नाही. हात मागे बांधून गाडीभोवती एक चक्कर मारायचा, दोन-तीन ठिकाणी वाकायचा, डोळे मिटून हवा आत ओढायचा आणि निकाल द्यायचा. "क्लच जळलाय." "इंजिनाचं पाणी कुठंतरी झिरपतंय." एकदा एका गृहस्थांना म्हणाला, "मागच्या सीटखाली दूध सांडलंय, आणि ते काही तुम्ही सांडलेलं नाही." गृहस्थ घरी जाऊन काय बोलले कोण जाणे, पण पुढच्याच आठवड्यात त्यांचा मेव्हणा येऊन मामाशी भांडून गेला.

माझे वडीलही मेकॅनिकच. म्हणजे मामाचे दाजी. त्यांचं गॅरेज त्याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला. तिथं फरशी पांढरी, हत्यारं ड्रॉवरमध्ये आणि गाडीला वायर जोडून स्क्रीनवर तिची दुखणी वाचायचं मशीन. मामा म्हणायचा, "दाजींचं गॅरेज कसलं, दवाखाना आहे. गाडीला हात लावायच्या आधी हात धुतात." बाबा म्हणायचे, "मेहुण्यांना सगळ्या गाड्यांचा वास येतो, फक्त स्वतःच्या शर्टाचा येत नाही." दोघं एकमेकांशी फार अदबीनं बोलत, अहो-जाहो करत, आणि त्या अदबीत जेवढं टोचता येईल तेवढं टोचून घेत. आई दोघांच्या मधोमध बसून जेवण वाढायची आणि कुणाचीच बाजू घ्यायची नाही.

एका वर्षी थंडी सरता सरता मामाला ताप आला. चांगले दहा दिवस अंथरुणात होता. अकराव्या दिवशी उठला, दाढी केली आणि गॅरेज उघडलं. सगळ्यांना वाटलं, मामा बरा झाला.

त्यानंतर तीनेक आठवड्यांनी रोपवाल्या बाई त्यांची पिकअप घेऊन आल्या.

या बाईंची गावाबाहेर रोपवाटिका होती. एकट्या बाईनं उभी केलेली, आणि ती उभी करण्यात या पिकअपचा वाटा बाईंच्या खालोखाल होता. गाडी तेवीस वर्षांची. कागदपत्रांत तिचा रंग निळा लिहिला होता, तो खोटा म्हणता येणार नाही, दारांच्या आतल्या बाजूला अजून निळा दिसायचा. मागच्या हौद्यात वर्षानुवर्षं माती, खत, कुंड्या, पाण्यानं निथळणारी रोपं. बाई उतरल्या आणि म्हणाल्या, "मामा, दिवा लागलाय. इंजिनाचं चित्र असलेला पिवळा. आणि गाडीला पेट्रोलचा वास मारतोय. काल एक जण गुलाबाचं रोप घ्यायला आला, फूल हुंगलं आणि म्हणाला, याला पेट्रोल घालता का?"

सोबत त्यांनी एक चिठ्ठीही आणली होती. स्पेअर पार्टच्या दुकानदारानं दिव्याचं कारण वाचून लिहून दिलं होतं, वाफेच्या व्यवस्थेत मोठी गळती. मामानं चिठ्ठी न वाचता खिशात घातली. छापील निदानावर त्याचा विश्वास नव्हता.

ही वाफेची भानगड मला बाबांनी लहानपणीच समजावली होती. पेट्रोल टाकीत नुसतं पडून असलं तरी त्याची वाफ होत राहते. ती हवेत जाऊ नये म्हणून टाकीपासून एक नळी निघते आणि कोळसा भरलेल्या एका डब्यात जाते. कोळसा वाफ धरून ठेवतो. इंजिन चालू झालं, की पुढचा एक व्हॉल्व्ह उघडतो आणि इंजिन ती वाफ ओढून जाळून टाकतं. डब्याला बाहेरची हवा मिळावी म्हणून मागे आणखी एक व्हॉल्व्ह असतो. गाडी अधूनमधून दोन्ही व्हॉल्व्ह बंद करून स्वतःच तपासते, आत दाब टिकतोय का. नाही टिकला, की दिवा. सुईच्या नेढ्याएवढं भोकही तिला चालत नाही. "आपल्या घरात तुझी आई आहे ना," बाबा म्हणाले होते, "तशी."

तर मामानं हात मागे बांधले, पिकअपभोवती चक्कर मारली, चाकाशी वाकला, टाकीपाशी वाकला, डोळे मिटले. बाई श्वास रोखून उभ्या. रस्त्यानं जाणाऱ्या माणसालाही त्या वेळी पेट्रोलचा वास येत होता. मामा सरळ झाला आणि म्हणाला, "झाकण. टाकीचं झाकण सैल पडलंय."

नवं झाकण बसलं, बॅटरीची तार काढून परत लावून दिवा घालवला, बाई खूश होऊन गेल्या. पाचव्या दिवशी दिवा परत. मामानं दुसऱ्या बनावटीचं झाकण लावलं आणि पहिलं झाकण बनवणाऱ्यांना चार शब्द सुनावले. दिवा परत. तिसऱ्या खेपेला तो इंजिनाजवळ वाकला, बराच वेळ नाक फिरवलं आणि पुढचा व्हॉल्व्ह बदलला. या वेळी बाई दिवा नसलेली गाडी घेऊन थेट धुराच्या सरकारी तपासणीला गेल्या. तिथल्या माणसानं वायर जोडली आणि सांगितलं, दिवा नाही हे खरं, पण बॅटरी काढल्यामुळं गाडी सगळं विसरली आहे. तिनं आधी स्वतःची परीक्षा स्वतः द्यायची, मग आम्ही निकाल बघणार. बाई परत आल्या तेव्हा दिवाही त्यांच्याबरोबर परत आला होता. तपासणीची मुदत संपायला दोन आठवडे उरले होते, आणि त्याशिवाय गाडी रस्त्यावर आणता येणार नव्हती.

"मामा, खरंच वास कुठून येतोय ते कळतंय ना?" बाईंनी विचारलं. त्यांनी अगदी साधेपणानं विचारलं होतं. मामाला मात्र ते फार लागलं.

इकडे घरी मामीला वेगळाच संशय होता. मामी शिवणकाम करायची. सुईत दोरा पहिल्या झटक्यात ओवणारी बाई, तिच्या नजरेतून काय सुटणार. एकदा गॅसवर दूध करपून सगळ्या घरात धूर झाला, मामी बाहेरून धावत आली, तर मामा शेजारच्याच खोलीत आरामात पेपर वाचत बसलेला. दुसऱ्या दिवशी तिनं अत्तराची अर्धी बाटली त्याच्या रुमालावर ओतली. मामा तो रुमाल घेऊन दिवसभर गॅरेजात हिंडला आणि गिऱ्हाइकं त्याच्याकडे चमत्कारिक नजरेनं बघत राहिली. मग तिनं शेवटची परीक्षा घेतली. एक कांदा चिरला आणि कापडात गुंडाळून त्याच्या उशीखाली ठेवला. तीन रात्री कांदा तिथंच होता. मामा घोरत होता. मामीला मात्र तीन रात्री झोप नव्हती.

तरी ती गप्प राहिली. तिचं म्हणणं, माणूस आपणहून सांगेल. मला पुढं म्हणाली, "आयुष्यभर नाकानं कांदे सोलले यांनी. म्हटलं, एक कांदा नाकाखालचा कळतो का बघू."

चौथ्या खेपेला मामानं ठरवलं, आता टाकीच खाली उतरवायची. दुपारची वेळ. वाऱ्यानं धूळ येत होती म्हणून शटर अर्धं ओढलेलं. त्यानं टाकीची एक नळी सोडवली, टोकाला चिंधी कोंबली आणि टाकी धरून ठेवणाऱ्या पट्ट्याच्या बोल्टकडे वळला. बोल्ट गंजून बसलेला, पान्याला दाद देईना. मामानं भिंतीवरून लोखंड कापायचा ग्राइंडर काढला, कापूनच टाकू म्हणून.

मामी डबा घेऊन येत होती. ती सांगते, गॅरेज अजून चार दुकानं लांब होतं तेव्हाच तिच्या नाकात वास शिरला. ती पळाली नाही. पळण्याइतकंही भान राहिलं नाही म्हणते. शटरखालून वाकून आत आली, तर चिंधी भिजून पेट्रोल टपटप गळत होतं, जमिनीच्या उतारानं त्याचं थारोळं मामाच्या बुटापर्यंत आलं होतं आणि मामाच्या हातात ग्राइंडरचा प्लग होता, बोर्डापासून वीतभर अंतरावर.

"ते खाली ठेवा," मामी म्हणाली.

"अगं, एकच बोल्ट आहे. पाच मिनिटं."

"खाली ठेवा. आणि पायाखाली बघा."

मामानं बघितलं. प्लग खाली ठेवला. मामीनं शटर पूर्ण वर ढकललं, कोपऱ्यातल्या वाळूच्या बादल्या त्या थारोळ्यावर पालथ्या केल्या आणि मामानं नळीचं तोंड नीट बंद केलं. मग दोघं बाहेर पायरीवर जाऊन बसले. मामानं दोन्ही हात मांड्यांखाली घातले.

"कधीपासून?" मामीनं विचारलं.

"काय कधीपासून?"

"कांदा तीन दिवस तुमच्या उशीखाली होता."

"म्हणून डोळ्यांना पाणी येत होतं होय," तो म्हणाला. "मला वाटलं वय झालं."

मग त्यानं सांगितलं. ताप उतरला त्या दिवसापासून नाक म्हणजे नुसती चेहऱ्यावरची वस्तू झाली होती. साबण, तेल, चहा, घाम, काही म्हणजे काही येत नव्हतं. आज येईल, उद्या येईल म्हणत दिवस ढकलले. "लोक माझ्याकडे नाकासाठी येतात गं. पाना काय, कोणीही फिरवतो."

"आज नाकावाचून जीव गेला असता, मग पाना फिरवायला कोण होतं?" मामी म्हणाली. एवढं बोलताना तिचा आवाज पहिल्यांदा फाटला. मामानं मांडीखालचा एक हात काढून तिच्या हातावर ठेवला. डबा मात्र त्या दिवशी दोघांनीही उघडला नाही.

मामीनं दोन अटी घातल्या. एक, नाकाच्या डॉक्टरकडे जायचं. दोन, दाजींकडे जायचं. मामा म्हणाला, डॉक्टरकडे दोनदा जातो, दाजींकडे नको. मामी म्हणाली, ते आधी.

बाबांकडे धूर सोडायचं एक यंत्र होतं. तेलाचा पांढरा धूर करून तो अगदी हलक्या दाबानं त्या वाफेच्या नळ्यांत सोडायचा. जिथं भोक असेल तिथून धूर बाहेर येतो आणि चोर सापडतो. हे यंत्र बाबांनी घेतलं तेव्हा मामानं सगळ्या रस्त्याला हसवलं होतं. "दाजी आता गाड्यांना विडी पाजतात," असं तो दोन वर्षं सांगत होता.

त्या संध्याकाळी मी बाबांच्या गॅरेजातच होते. मी शिकवते त्या शाळेतून घरी जाताना वाटेत त्यांचा चहाचा थर्मास घेऊन जायचा असा माझा रिवाज. मामा आला, नाक मुठीत धरून. दारात थांबला, पांढऱ्या फरशीकडे बघितलं आणि चक्क बूट काढले.

"दाजी," तो म्हणाला, "ते तुमचं विडीचं यंत्र उद्या मोकळं आहे का?"

मी बाबांकडे बघितलं. दोन वर्षांचं उट्टं काढायची ही संधी, ते ती सोडतील असं मला वाटलं नव्हतं. बाबांनी हातातलं फडकं नीट घडी करून ठेवलं आणि म्हणाले, "किती वाजता आणू?"

तेवढंच. मामा बूट घालून निघून गेला. मग बाबा मला म्हणाले, "काहीतरी मोठं झालंय. हा माणूस बूट काढणाऱ्यांतला नाही."

दुसऱ्या दिवशी शनिवार, अर्ध्या दिवसाची शाळा, त्यामुळं दुपारचा तमाशा बघायला मीही हजर होते. मामी उलट्या खोक्यावर बसली होती. तिला मामानं बोलावलं नव्हतं आणि जा म्हणायची त्याची आता हिंमत नव्हती. रोपवाल्या बाई लंगड्या खुर्चीवर तोल सांभाळत बसल्या होत्या. टाकीची नळी परत जागेवर, जमीन धुतलेली, शटर सताड उघडं. मामानं सगळ्यांसमोर, घसा दोनदा साफ करून, सांगून टाकलं, "बाई, मला दोन महिने वास येत नाही. तुमची तीन वेळची फेरी माझ्या खोटेपणामुळं फुकट गेली."

बाईंनी विचारलं, "म्हणजे तुम्ही ते डोळे मिटून काय करत होतात?"

"आठवत होतो," मामा म्हणाला.

बाबांनी यंत्राची नळी इंजिनाजवळच्या नळीला जोडली, स्क्रीन लावली आणि म्हणाले, "आता मागचा व्हॉल्व्ह बंद करायला सांगतो." बटण दाबून ते लगबगीनं गाडीखाली सरपटले आणि व्हॉल्व्हवर बोट टेकवून पडून राहिले. मामा म्हणाला, "दाजी, बोट कशाला? टक्क असा वाजला की. मला इथं ऐकू आलं." बाबा म्हणाले, "खात्री केलेली बरी."

धूर सोडला. अर्ध्या मिनिटात त्याच मागच्या व्हॉल्व्हमधून पांढरे लोट बाहेर यायला लागले. व्हॉल्व्ह वाजत होता, पण मिटत नव्हता. मामानं तो काढून हातावर झटकला, तर आतून चिमूटभर माती आणि खताचे दाणे पडले. तेवीस वर्षं हौद्यातून झिरपलेलं पाणी आणि माती नेमकी त्याच्या तोंडात. दाण्यानं अडलेलं दार कसं मिटणार.

"मोठी गळती ही," बाबा म्हणाले. मामानं नवा व्हॉल्व्ह बसवला, आणि त्याची हवेची नळी माती उडणार नाही अशी उंच नेऊन बांधली. ते काम त्यानं असं नेटकं केलं, की बाबांनी वाकून दोनदा बघितलं. पुन्हा धूर सोडला. आता लोट नाहीत. पण यंत्रावरचा काटा टिकेना, अगदी सावकाश खाली येत होता. म्हणजे अजून एक भोक होतं, बारीक.

टॉर्च घेऊन मामा, बाबा आणि मी गाडीखाली लोळलो. पाच मिनिटं, दहा मिनिटं. धूर कुठंच दिसेना. बाई म्हणाल्या, "सोडून द्या आता." मामी खोक्यावरून उठली, पदर खोचला आणि गाडीच्या मागच्या चाकापाशी येऊन वाकली. "इथं," ती म्हणाली. "चाकाच्या वर, आतल्या बाजूला. धुराचं मला माहीत नाही, पेट्रोल इथं आहे."

मामानं चाक काढलं. वरचं प्लास्टिकचं आवरण सोडवलं आणि आतून मातीचा एक आख्खा गठ्ठा धपकन त्याच्या मांडीत पडला. त्या गठ्ठ्यात एक रोप उगवलेलं होतं, चांगलं बोटभर, दोन हिरव्या पानांचं. मामा ते दोन्ही हातांत धरून बाईंकडे घेऊन गेला. त्याला वाटलं काहीतरी दुर्मीळ सापडलं. बाईंनी बघितलं आणि म्हणाल्या, "तण आहे हे. टाकून द्या."

आणि त्या मातीमागे, पेट्रोल भरायच्या तोंडाकडून टाकीकडे उतरणारा लोखंडी पाइप ओलाव्यानं गंजून खपल्या-खपल्यांचा झाला होता. त्यावर एका ठिकाणी, टाचणीनं टोचल्यासारख्या भोकातून, शिवणाच्या दोऱ्याएवढी धुराची बारीक रेघ सरळ वर जात होती. सगळे त्या रेघेकडे बघत राहिले. मामी म्हणाली, "पन्नास नंबरचा दोरा."

पाइप नवा बसला. बाबांनी बाईंना आणखी एक विचारलं, पंपावर पेट्रोल कसं भरता. बाई अभिमानानं म्हणाल्या, पंपवाला थांबला तरी मी थांबत नाही, हलवून-हलवून गळ्यापर्यंत भरून घेते. बाबांनी कपाळाला हात लावला. वर आलेलं पेट्रोल त्या कोळशाच्या डब्यात शिरतं आणि कोळसा भिजला की डबा गेलाच म्हणून समजा. बाईंनी पुन्हा तसं न करण्याचं कबूल केलं. चेहऱ्यावरून मात्र नुकसान झाल्यासारखं दिसत होतं.

आता उरली गाडीची स्वतःची परीक्षा. तिच्या अटी एखाद्या जावयासारख्या. रात्रभर एका जागी उभी राहून गार झालेली हवी, टाकी अर्धी हवी, फार नाही, कमी नाही, आणि मग थांबाथांब न करता एका वेगानं अर्धा-पाऊण तास चालवायची. बाबांना स्क्रीन बघायची होती म्हणून ते येणार. मामाला गाडी आपली वाटत होती म्हणून तो येणार. चालवायचं कोणी यावर एकमत होईना, तेव्हा रविवारी सकाळी मला चालवायला बसवलं. पुढं एकच लांब सीट. मामा मध्ये, गिअरच्या दांड्याशी गुडघे वाचवत, आणि बाबांनी खिडकीकडची जागा हट्टानं घेतली.

गावाबाहेरचा रस्ता मोकळा होता. दोघं इतकी वर्षं एकमेकांना ओळखतात, पण मला आठवतंय तसं एका गाडीत शेजारी-शेजारी पहिल्यांदाच बसले होते. मग मामा म्हणाला, "दाजी, एक विचारू? तो व्हॉल्व्ह एवढा खणखणीत वाजला, आणि तुम्ही बोट लावून बघत होता."

बाबा स्क्रीनकडे बघत राहिले. "वेग सारखा ठेव," मला म्हणाले.

"सारखाच आहे, बाबा."

मग ते म्हणाले, "डावा कान गेलाय माझा. बारा वर्षं झाली. उजव्याचंही बारीक आवाजांचं काही खरं नाही. इंजिन ऐकून सांगता येईना, तेव्हा ते स्क्रीनचं मशीन घेतलं."

माझा पाय अॅक्सिलरेटरवरून ढळला असणार, कारण बाबा परत म्हणाले, "वेग." मी त्यांची मुलगी. डाव्या बाजूनं हाक मारली की ते मुद्दाम लक्ष देत नाहीत असं मानून मी किती वेळा रुसले होते, ते त्या दोन मिनिटांत मोजत होते.

मामा हळू आवाजात म्हणाला, "आणि मी बारा वर्षं त्या मशीनला हसतोय."

"काय म्हणालात?"

"म्हटलं, मी बारा वर्षं हसतोय तुम्हाला."

"त्यातलं निम्मं मला ऐकूच आलं नाही," बाबा म्हणाले. "फार वाईट वाटून घेऊ नका."

मामा हसला. मग बाबा हसले. मी रस्त्याकडे बघत म्हटलं, "आईला माहीत आहे?"

"पहिल्या दिवशी कळलं तिला. तेव्हापासून ती माझ्या उजव्या बाजूला उभी राहून भांडते."

परतीच्या वाटेवर मामानं आपला ताप, कांदा आणि तो ग्राइंडर, सगळं सांगितलं. प्लगपर्यंत आला तेव्हा बाबांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि घर येईपर्यंत काढला नाही. घराच्या वळणावर स्क्रीनवर आलं, की गाडीची परीक्षा पूर्ण, गळती नाही. ते दोघांनीही बघितलं नव्हतं. मीच सांगितलं.

पुढच्या मंगळवारी पिकअप तपासणीत पास झाली. बाईंनी दोन्ही गॅरेजांना एकेक कुंडी पाठवली. बाबांची फुलली. मामाची त्यानं इंजिनाचं जुनं तेल चुकून तिच्यात ओतल्यामुळं गेली.

नाकाच्या डॉक्टरांनी सांगितलं, अशा तापानंतर वास जातो, कधी परत येतो, कधी नाही. रोज सकाळ-संध्याकाळ चार ठरलेले वास मन लावून हुंगायचे, महिनोन् महिने. मामीनं चार बाटल्या भरल्या आणि प्रत्येकीला वेगळ्या रंगाचा दोरा बांधला. मामा सकाळी उठून शाळेतल्या मुलासारखा त्या बाटल्यांपुढे बसायचा. चौथ्या महिन्यात त्याला लिंबू आलं. सातव्या महिन्यात कॉफी आली, पण ती ओल्या रबरासारखी आली आणि अजून तशीच आहे. त्यानं कॉफी सोडली. पेट्रोल अर्धवट आलं, काही दिवस येतं, काही दिवस नाही, आणि ज्यावर भरवसा नाही त्यावर गॅरेज चालवायचं नाही असं मामीनं ठरवून टाकलं. बाबांनी वाफ जमली की ओरडणारी एक डबी भिंतीवर बसवून दिली. ती मामाला ऐकू येते. बाबांना येत नाही.

धुराचं यंत्र आता दोन्ही गॅरेजांत फिरतं. मामा गिऱ्हाइकाला आधीच सांगतो, "मला वास येत नाही. तुम्ही सांगा कुठून येतो." लोकांना हे आवडलंय. परवा मी गेले तेव्हा एका जुन्या व्हॅनभोवती तीन माणसं हात मागे बांधून, डोळे मिटून, वाकून उभी होती. एक म्हणत होता इंजिनाकडून, दुसरा म्हणत होता टाकीकडून, आणि तिसरा ठामपणे म्हणत होता की हा वास पेट्रोलचा नाहीच. मामा तिकडे नळी जोडत होता. "होऊ द्या त्यांचं," तो मला म्हणाला. "मी तीस वर्षं हेच केलं. मजा असते त्यात."